पाऱ्याखालची जमीन

एप्रिल लागला की मला लग्नाला बोलवायचं की नाही यावर आमच्या नातेवाइकांत चर्चा होते. कारण मी मांडवात शिरले की नवरीकडे कोणी बघत नाही. वरबापापासून वाढप्यापर्यंत सगळे माझ्याभोवती गोळा होतात आणि एकच विचारतात, "काय वो बाई, आज किती?" आकडा सांगितला तरी समाधान होत नाही. "येवढाच? आमाले तं जास्त वाटून राह्यलं." आणि मग अशा नजरेनं बघतात, जणू ऊन मीच सोडते आणि वर काटाही मारते.

माझी अख्खी नोकरी यवतमाळात हवामानाच्या नोंदी घेण्यात गेली. पाऊस, वारा, दमटपणा, सगळंच मोजलं. पण आमच्या जिल्ह्यात मला ओळख मिळाली ती उन्हामुळे. एसटीचे कंडक्टर मला "पारावाल्या बाई" म्हणत. गाडी निघण्याआधी कोणत्या बाजूला सावली राहील हे मी त्यांना सांगायची आणि त्या बाजूची खिडकी ते मला द्यायचे. असा आमचा तोंडी करार वर्षानुवर्षं चालला. त्या करारावर मी दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा सगळं पालथं घातलं आणि एकदाही डोकं धरून घरी आले नाही. त्या सगळ्या कंडक्टरांचे आभार मानायची संधी यापूर्वी मिळाली नव्हती, ती इथे घेते.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. तापमापक टांगायचा आणि वाचायचा, त्यात काय एवढं? पण कुठे टांगायचा, यातच सगळी गोम आहे. आमच्या कार्यालयाच्या आवारात एक पांढरी लाकडी पेटी आहे, चार पायांवर उभी, साधारण छातीच्या उंचीला. तिच्या बाजू तिरप्या पट्ट्यांच्या, म्हणजे हवा आत खेळते पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत डोकावत नाही. आसपास भिंत नको, झाड नको, रस्ता नको. खाली साधी, आहे तशी जमीन. लोकांना वाटतं आम्ही ऊन मोजतो. आम्ही मोजतो हवा. पाऱ्यावर थेट ऊन पडलं तर पारा स्वतःच तापतो आणि आपलंच दुखणं सांगत बसतो.

आणि हवा तापते ती मुख्यतः खालून. चुलीची आच तव्याला लागते आणि तव्याची भाकरीला, तसं ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. चूल सगळ्यांची एकच, तवे मात्र वेगवेगळे. डांबर, सिमेंट, टिन, उघडा मुरूम हे तापलेले तवे. जमिनीत ओल असली तर आच त्या ओलीची वाफ करण्यातच खर्च होते, हवेपर्यंत कमी पोचते. गवत असलं, झाड असलं तर तेही पानापानांतून पाणी सोडत बसतं, शिवाय सावली देतं. म्हणून एकाच गावात, एकाच दुपारी, नुसता रस्ता ओलांडला तरी वेगळा उन्हाळा लागतो.

ही गोष्ट नव्या मुलांच्या डोक्यात शिरावी म्हणून मी एक युक्ती काढली होती. नवं केंद्र बसवायला जागा बघायची असली की भर दुपारी जायचं आणि चप्पल काढायची. पुस्तकातले नियम नंतर, आधी तळपाय. मुलं लाजायची, इकडे तिकडे बघायची, आणि दोन पावलांत नाचायला लागायची. डांबरावरून मुरमावर, मुरमावरून गवतावर अशी वरात काढली की जागेचा स्वभाव कळायचा. एका गावात बाया दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. एकीनं विचारलं, "कोनता नवस हाये वो बाई?"

आमच्या धंद्यातही गिऱ्हाइकं असतात. त्यातले वानखडेकाका मला जन्मात विसरता येणार नाहीत. हे यवतमाळातल्या एका कॉलनीत राहायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये प्रत पारखण्यात हयात गेलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायची सवय नाही. उन्हाळाभर त्यांचा रोज फोन. "बाई, तुमी आकडा खोटा देता. माह्या घरचा तापमापक तुमच्यापेक्षा लय वर हाये."

शेवटी एक दिवस मी त्यांच्या घरीच गेले. तापमापक पश्चिमेच्या भिंतीला खिळ्यानं ठोकलेला. खाली अंगणभर सिमेंटचे ठोकळे, एक चौकट माती मोकळी नाही. शेजारच्या टिनाच्या शेडची झळ थेट अंगावर. मी त्यांना सगळं समजावलं. भिंत दिवसभर ऊन पिते, तुमचा पारा हवेचा नाही, भिंतीचा ताप सांगतो, वगैरे. काका हात मागे बांधून शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात ते म्हणाले, "सगळं बरोबर हाये बाई. पन माह्यी म्हातारी याच भिंतीच्या आतल्या बाजूनं झोपते. तुमच्या पेटीत कोनी झोपते काय?"

मी चहा प्यायले, आणि म्हटलं, "काका, दोन्ही आकडे खरे. माह्या पेटीचा आकडा अख्ख्या जिल्ह्यासाठी एका मापानं घेतलेला. तुमचा आकडा तुमच्या घरचा. आता आपण तुमचाच आकडा खाली आणू." त्यांनी भिंतीलगतचे ठोकळे उपटले, माती मोकळी केली आणि शेवगा लावला. शेवगा तो, हां हां म्हणता वर गेला. काही उन्हाळ्यांनंतर फोन आला. "बाई, यंदा माहा आकडा तुमच्या जवळ येऊन राह्यला!" नातवाचा निकाल सांगावा असा आवाज. तेव्हापासून दर वर्षी आमच्या कार्यालयात शेवग्याच्या शेंगा येत. म्हातारी त्या खोलीत अजून झोपते, काका मात्र आता नाहीत. शेंगा त्यांचा मुलगा आणून देतो.

लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमचं एक यंत्र होतं, त्याचं उलट झालं. बसवलं तेव्हा भोवती माळ होता, तरवड आणि कुसळी गवत. हळूहळू गोदामं उठली, ट्रक उभे करायला डांबर पडलं, पत्र्यांची रांग जवळ आली. यंत्र जागचं हललं नाही, जमीनच त्याच्या खालून निघून गेली. आकडे चढत गेले. ते खोटे नव्हते, पण आता ते माळाचे राहिले नव्हते, गोदामाचे झाले होते. आम्ही यंत्र हलवलं तेव्हा गेटवरचा पहारेकरी म्हणाला, "त्याले घेऊन चालल्या, मले बी घेऊन चला ना बाई." हसून वेळ मारून नेली, पण ते वाक्य बरेच दिवस मनात राहिलं.

आता तांड्याची गोष्ट सांगते. खरं तर तीच सांगण्यासाठी लिहायला बसले आहे.

दारव्ह्याच्या बाजूला बंजारा समाजाचा एक तांडा आहे. नाव मुद्दाम देत नाही. या लोकांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. आता सगळे शेतकरी, कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारे. तिथल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत आपोआप नोंदी पाठवणारं यंत्र बसलं. लोखंडी खांब, वर सौर पाटी, वाऱ्याची फिरकी, पावसाचं भांडं, आणि तापमापकावर पांढऱ्या थाळ्या एकावर एक उपड्या रचाव्यात तसं झाकण. भोवती तारेच्या जाळीचं कुंपण आणि त्याला कुलूप. बसवायला ठेकेदाराची माणसं गेली होती. ती कुंपणाची किल्ली शेजारच्या घरातल्या धारीबाईंच्या हातात देऊन, "सरकारी वस्तू हाये, सांभाळा," एवढंच सांगून निघून आली.

मी पहिल्यांदा तपासणीला गेले ती थंडीच्या दिवसांत. धारीबाई साठी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर गोंदण, बोलायला फटकळ. घरात मुलगा आणि नुकती लग्न होऊन आलेली सून, कविता. तांड्यात आईला याडी म्हणतात. कविता सासूलाही याडीच म्हणायची आणि दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. धारीबाईंनी मला बसायला खाट टाकली आणि यंत्राची चौकशी केली.

"हे इथं उभं राहून काय करते वो बाई?"

"ऊन, पाऊस, वारा सगळं पाहते आणि यवतमाळले कळवते."

"रात्रंदिवस?"

"रात्रंदिवस."

"बिच्चारं," धारीबाई म्हणाल्या.

त्या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. जागा ठीक होती, जमीन आजूबाजूच्या माळासारखीच होती. मी चहा पिऊन परत आले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या भागात एक चांगला नियम झाला. जवळच्या केंद्राचा आकडा एका ठरावीक रेषेपलीकडे गेला, की रोजगार हमीचं काम उजाडताच सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत सोडायचं. म्हणजे यंत्राच्या आकड्यावर आता माणसांची दुपार ठरणार होती. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं आमचे आकडे पेपरात एका कोपऱ्यात छापून यायचे आणि लोक त्यावर भजी ठेवून खायचे. आता कोणाच्या तरी डोक्यावरचं ऊन त्यांनी हटणार होतं.

मे महिना आला. जिल्हाभर भट्टी पेटली. एकेका केंद्राचा आकडा रेषा ओलांडत गेला, कामाच्या वेळा बदलत गेल्या. तांड्याचं यंत्र मात्र रेषेच्या खाली मजेत. रात्री आणि सकाळी ते बाकीच्यांसारखंच, पण दुपार झाली की सगळे चढायचे आणि हे खाली बसायचं. शिवाय दमटपणा भलताच. आमच्याकडे मे महिन्यातली हवा पापडासारखी कोरडी, आणि तांड्यात जणू श्रावण लागलेला. पावसाचं भांडं मात्र ठणठणीत कोरडं. कार्यालयातली मुलं म्हणाली, यंत्र बिघडलं. मी म्हटलं, बिघडलेलं यंत्र इतकं वेळेवर बिघडत नाही, बघून येते.

त्याच दिवशी विलासचा फोन आला. विलास म्हणजे तांड्याजवळच्या नाला खोलीकरणावरचा मेट, मजुरांची हजेरी आणि काम बघणारा तरुण.

"बाई, तुमचं यंत्र सावलीत बसून काम करते काय? इथं बाया चक्कर येऊन बसून राह्यल्या. मी वेळ बदला म्हनलं, तं वरून सांगतात, तुमच्या तांड्याचा आकडा रेषेच्या खाली हाये. अन् धारीबाईची सून बी कामावर हाये. पोटुशी हाये ते. घरी राहा म्हनलं तं आयकत नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. बोरी अरबला उतरले तेव्हा बाजार भरत होता आणि ताडपत्र्यांच्या खालीसुद्धा माणसं घामाघूम होती. तिथून ऑटो केला. तांड्यात पोचेपर्यंत सूर्य चांगलाच वर आला होता. ऑटोवाल्याला थांबायला सांगून मी शाळेमागे गेले आणि जागच्या जागी उभी राहिले.

कुंपणात बाग फुलली होती. चहूबाजूंनी जाळीवर वालाचे आणि दोडक्याचे वेल चढलेले, हिरवेगार. खालची जमीन शेणानं सारवून वर ताजा सडा टाकलेला. एका कोपऱ्यात पुदिना. आणि मधोमध आमचं यंत्र, त्याच्या पांढऱ्या थाळ्यांना रांजणाला गुंडाळतात तसं ओलं पोतं गुंडाळलेलं. पोत्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. आत पाऊल टाकलं तर, खरं सांगते, स्वर्ग होता.

धारीबाई घागर घेऊन लगबगीनं आल्या. चेहरा उजळलेला. "या बाई, या! पाहा, तुमच्या यंत्राले कसं ठेवलं. पोरीवानी ठेवलं. ह्या जाळीत बकऱ्या येत नाहीत म्हनून वेल बी लावले. अन् दुपारी लयच तापते ते, म्हनून पोतं ओलं करून घालतो. संध्याकाळी काढतो."

"पाणी कुठून आणता?"

"हिरीवरून." त्यांनी लांब टेकडीकडे हात केला. "कविता आनते दोन घागरी, मी आनतो दोन. एक त्याची."

आता या बाईला काय बोलायचं? उन्हात उभ्या असलेल्या कोणालाही पाणी विचारायचं, हे तिच्या हाडामासातलं. दारात सडा टाकायचा, रांजणाला पोतं बांधायचं, पाहुण्याला सावलीत बसवायचं. जे माणसासाठी करतात ते सगळं तिनं यंत्रासाठी केलं होतं. इतक्या नोकरीत कोणी आमच्या यंत्राची एवढी माया केली नव्हती. आणि त्या मायेपायी तिकडे नाल्यावर बाया उन्हात काम करत होत्या.

मी खाटेवर बसले आणि हळूहळू सांगायला लागले. "धारीबाई, याचं काम आपलं ऊन सांगायचं. याच्याखालची जमीन ओली केली, सावली केली, पोतं घातलं, की याले वाटते उन्हाळाच नाही. मग ते यवतमाळले कळवते, तांड्यात गारवा हाये."

"मंग चांगलं हाये ना."

"त्याले गारवा हाये. नाल्यावर नाही. नाल्यावरच्या कामाची वेळ याच्यावरून ठरते. याले जे ऊन लागते तेच सगळ्यांले लागते, असं वरचे लोक धरून चालतात."

धारीबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या दुखावल्या होत्या, ते दिसत होतं. "मंग काय त्याले जाळाचं? ना पायात चप्पल, ना डोक्यावर दुपट्टा. आमी रोज पाह्यतो त्याले. तुमी यवतमाळात ऱ्हाता."

मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. विलास. "बाई, तुमी तांड्यात हाये काय? धारीबाईले घेऊन या लवकर. कविता पडली."

मी फोनवर काय बोलले ते आठवत नाही. धारीबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काई वेगो?" त्यांच्या गोर बोलीत, काय झालं. मी एवढंच म्हटलं, "कविता." त्यांनी घागर खाली ठेवली. दुसऱ्या क्षणी त्या कुंपणात होत्या. दोन्ही हातांनी यंत्रावरचं ओलं पोतं ओरबाडून काढलं, घागरीतल्या पाण्यानं पुन्हा भिजवलं आणि तसंच पाणी गळतं पोतं छातीशी धरून ऑटोकडे पळाल्या. मी घागर उचलून मागे.

नाल्याची जागा मी आधी पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना खणून काढलेल्या मुरमाचे ढीग, पांढुरके, डोळे दिपवणारे. मध्ये खोल खड्डा. तिथे वारा नव्हता. जमीन खालून, ढीग बाजूंनी आणि ऊन वरून, तिन्हीकडून ताप. एक झाड होतं ते पार वरच्या बांधावर. माझ्या चपलेतूनसुद्धा तळवे भाजत होते. कार्यालयातल्या आकड्याला याची काहीच खबर नव्हती.

कविता मुरमाच्या ढिगाच्या टीचभर सावलीत आडवी होती. चेहरा पांढराफटक, अंग घामानं थबथबलेलं, दोनदा उलटी झालेली. दोन बाया पदरानं वारा घालत होत्या. "याडी," ती इतकंच म्हणाली. धारीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पोतं तिच्या अंगावर पांघरलं. मानेखाली, छातीवर, पायांवर पाणी टाकलं. एकीकडे सुनेला रागावत होत्या, एकीकडे स्वतःला, आणि हात थांबत नव्हते. विलास आणि मी मिळून तिला ऑटोत घातलं. वाटभर धारीबाई त्या पोत्यावर घागरीतलं पाणी ओंजळीनं शिंपत राहिल्या.

आरोग्य केंद्रात सिस्टरनं सलाईन लावलं. मग पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र टेकवलं. खोलीत आम्ही चौघी, आणि पंख्याचा आवाज. सिस्टर यंत्र सरकवत राहिली. धारीबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग आला आवाज, पळणाऱ्या वासरासारखा, टपटप टपटप. सिस्टर हसली. धारीबाई मोठ्यानं रडायला लागल्या. मलाही रडू आवरलं नाही, आणि त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी निघताना मला भीती होती, ही बाई आता मला आणि माझ्या यंत्राला तांड्यातून हाकलून देणार. तिनं दिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. पण त्या म्हणाल्या, "बाई, वेल मी उद्या उपटतो. पुदिना घरी लावतो. ही किल्ली मात्र तुमी विलासले द्या. माह्या हाताचा भरवसा नाही. ते उन्हात दिसलं की माहा हात घागरीकडंच जाईन." मी किल्ली घेतली, आणि वाकून त्यांच्या पाया पडले. नोकरीत मोठमोठ्या साहेबांसमोर मी नुसती मान हलवत आले. पण इथे वाकणं आपोआप झालं.

पुढचं सगळं चांगलं झालं. आकडा रेषेच्या वर गेला आणि नाल्यावरचं काम पहाटेवर आलं. विलासनं बांधावर तुराट्यांचा मांडव घालून घेतला, आणि त्या मांडवात पाण्याचे रांजण भरून ठेवायचं काम धारीबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं. कविता बाळंतपणापर्यंत घरीच राहिली. पावसाळ्याच्या शेवटी तिला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं होतं, आणि तिथे मात्र मला कोणी "आज किती?" असं विचारलं नाही. मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा."

हवामानाच्या नोकरीनं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी ही माणसं सांगते. भिंतीशी भांडणारे काका, जागा राखणारे कंडक्टर, चप्पल काढलेल्या मला हसणाऱ्या बाया, आणि यंत्राची कीव करणारी धारीबाई. एक हळहळ राहते. जिल्ह्यात आता अंगणं सिमेंटची होत चालली आहेत, झाडं रस्त्याला जात आहेत, आणि आमच्या पेट्या आपल्या शहाण्या जागी उभ्या राहून त्या सिमेंटच्या बाहेरचा आकडा सांगत असतात. पण ही हळहळ त्या सगळ्या मायेपुढे थोडी आहे.

मला त्यातली सगळ्यात जास्त आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. कार्यालयात जाऊन मी संगणक उघडला. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांच्या आदल्या दिवसाच्या रेषा पडद्यावर होत्या. सकाळी चढत गेलेल्या, दुपारी वर टेकलेल्या, संध्याकाळी उतरलेल्या. तांड्याची रेषा मात्र दुपारपर्यंत खाली खाली सरपटत आलेली आणि मग एका जागी एकदम उभी वर गेलेली, शिडी लावल्यासारखी. वर जाऊन ती बाकीच्या रेषांमध्ये मिसळली होती आणि मग त्यांच्याबरोबरच संध्याकाळकडे उतरली होती.

नव्यानं लागलेली मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "मॅडम, हे काय? इथं सेन्सर बिघडलं काय?"

मी त्या उभ्या रेषेवर बोट ठेवलं. "नाही गं," मी म्हटलं, "इथं एक सासू सुनेकडे धावली."